श्वासाचा क्लास आणि टँकरचा हॉर्न

बोरवाडी, ता. आष्टी
११ मार्च २००४

प्रिय शिवकन्या,

तुझं पत्र परवा मिळालं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जावईबापू तुला कड्याच्या गाडीत बसवून देणार, मी स्टँडवर यायचं, येताना पाठीला टेकायला उशी आणायची, हे सगळं वाचलं. शेवटी तू विचारलंस, श्वासाचं शिकून झालं का आई? तेवढं वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि भांडी घासायला बसले. घासायला म्हणजे राखेनं पुसायला. भांड्यांना पाणी लावायचं आम्ही माघापासून सोडून दिलं आहे. पुसता पुसता इतका संताप झाला की ॲल्युमिनियमच्या डब्याचं झाकणच वाकवून बसले. राग तुझ्यावर नव्हता. कोणावर आहे ते मलाच अजून नीट कळलेलं नाही, म्हणून आज दुपारचं सगळं काम बाजूला टाकून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. पाय वर घेऊन वाच.

संक्रांतीच्या पत्रात तू पहिल्यांदा त्या क्लासबद्दल लिहिलं होतंस. तुमच्या चिंचवडच्या डॉक्टरीणबाई गरोदर बायकांना दर शनिवारी सतरंजीवर झोपवतात, अंग सैल सोडायला शिकवतात, कळ आली की श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात. सोबत पुस्तिकाही पाठवली होतीस. तिच्यात एक बाई भल्यामोठ्या चेंडूवर बसलेली आणि मागे बसून नवरा तिची कंबर चोळतो आहे. तुझ्या अण्णांनी ते चित्र पाहिलं, पुस्तिका पालथी घातली आणि रिकाम्या गोठ्यात निघून गेले. मी मात्र दोनदा वाचली. तू लिहिलं होतंस की त्या वेळी जवळ जे माणूस असेल त्यालाही हे सगळं यायला पाहिजे, नाहीतर त्याचं घाबरणं बाईच्या अंगात उतरतं. तिथे असतीस तर जावईबापूंनी केलं असतं, पण पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे ते माणूस मी. एवढं एकच शीक, बाकी मला काही नको, असं लिहिलं होतंस. लग्नात तू एक साडी जास्तीची मागितली नाहीस. पहिल्यांदाच काही मागितलंस, आणि तेही असं की जे बाजारात मिळत नाही.

मला ते शिकायचंच होतं, हेही तुला सांगून टाकते. तू धारूरला झालीस, माझ्या माहेरी. तुझी आजी जवळ होती, पण ती सारखी एकच सांगत होती, आवाज बाहेर जाऊ देऊ नको, ओसरीवर तुझे भाऊ बसलेत. पदराचा बोळा करून तिनं माझ्या तोंडात दिला होता. दिवसभर मी तो चावत होते. तू झालीस तेव्हा सुईण म्हणाली, पोरगी सोन्यासारखी हाय, पण आईचं त्वांड उघडंना. खरंच उघडत नव्हतं. दोन दिवस मी नुसती पेज प्यायले. आजीला मी कधी दोष दिला नाही, तिला तिच्या आईनं तेच शिकवलं होतं. पण तुझ्या तोंडात मी बोळा देणार नाही, एवढं मी तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं.

आणि योगायोग बघ, इथेही क्लास निघाला! आपल्या उपकेंद्राला लातूरकडच्या एक नवीन सिस्टर आल्या आहेत. वयानं तुझ्याएवढ्या, उत्साह मात्र तिघींचा. त्यांना कुठल्याशा प्रशिक्षणात हे श्वासाचं शिकवलं आहे. उपकेंद्राच्या खोलीत दोन बायका लोळल्या की तिसरीनं दारात उभं राहायचं, म्हणून त्या जागा शोधत होत्या. मी आपल्या महिला दूध संस्थेची खोली दिली. नाहीतरी ती रिकामीच आहे. कार्तिकापासून दूध बंद, जनावरं सगळी चारा छावणीत, संघाची गाडी यायची थांबली. फॅट तपासायच्या बाटल्या मी कपाटात पुसून ठेवल्या आहेत आणि सचिव म्हणून माझ्याकडे आता फक्त किल्ली उरली आहे. ती घेऊन मंगळवारी आणि शुक्रवारी मी खोली उघडते, शहाबादी फरशी झाडते, पोती अंथरते. पहिल्या दिवशी झाडून झाल्यावर मी घरी गेलेच नाही. कोपऱ्यातल्या पोत्यावर जाऊन बसले.

खोलीत चार गरोदर बायका आणि पाचवी मी, सेहेचाळीस वर्षांची. धनगरवाड्यातल्या भामाबाई आपल्या सुनेला, म्हाळसाला, घेऊन आल्या होत्या. भामाबाईंनी निम्म्या गावाची बाळंतपणं केली आहेत, त्या शिकायला आल्या नव्हत्या, सिस्टर काय चुकतात ते बघायला आल्या होत्या. त्यांनी मला पोत्यावर आडवी झालेली बघितली आणि मोठ्यानं विचारलं, "सचिवबाई, कितवा म्हैना?" सगळ्या पोरी इतक्या हसल्या की सिस्टरना पाच मिनिटं थांबावं लागलं. मी म्हणाले, माझा नाही, माझ्या लेकीचा सातवा. मग कोणी हसलं नाही. पुढच्या वेळी म्हाळसानं माझं पोतं आपल्या शेजारी ओढून घेतलं.

शिकवतात ते सोपं आहे गं, ऐकायला. डाव्या कुशीवर व्हायचं. पायाच्या बोटांपासून सुरुवात. बोटं सैल, घोटे सैल, पोटऱ्या सैल, करत करत वर जबड्यापर्यंत यायचं. श्वास नाकानं घ्यायचा आणि बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसा हळूहळू सोडायचा. सोबतीणीनं बाईचा हात धरायचा आणि तिच्याबरोबर तसाच श्वास घ्यायचा. सिस्टर प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवून बघत. माझ्यापाशी आल्या की माझ्या जबड्यावर बोट ठेवून म्हणायच्या, काकू, हे सोडा. मी म्हणायचे, सोडलंय. त्या म्हणायच्या, नाही सोडलं. चार आठवडे झाले, दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमचं हेच चाललं होतं. म्हाळसाला एका दिवसात आलं, ती तर एकदा घोरायलाच लागली. मला राग यायचा. फॅट काढायला मी दोन दिवसांत शिकले, रजिस्टर, बिलं, ऑडिट सगळं शिकले, आणि नुसतं पडून राहायला मला जमत नाही!

त्यात सिस्टरनी एक चूक केली. त्यांना शिकवलेलं त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. डोळे मिटा, तुम्ही नदीकाठी बसला आहात, पाय पाण्यात सोडलेत, गार पाणी पायावरून वाहतंय. एकीनं डोळे न उघडताच विचारलं, "पानी कुठल्या गावात हाय, बाई?" भामाबाई तर उसळल्याच. "पान्याचं नाव कावून काढता? पोरी उठून हांडे घिऊन पळतील." सिस्टर बिचाऱ्या लाजल्या, नदी सोडून लिंबाच्या सावलीवर आल्या. पण तेवढ्यात मारुतीच्या वळणावर धोंडीरामच्या टँकरचा हॉर्न वाजला आणि भामाबाई म्हणाल्या तेच झालं. चारी पोरी पोटं सावरत उठल्या. सगळ्यांच्या आधी मी उठले, माझं पोट रिकामं होतं ना. खोलीत सिस्टर एकट्या, हातात तक्ता धरून उभ्या.

तुला तिकडे बसून कळणार नाही, म्हणून सांगते. टँकर दोन दिवसांआड येतो, त्याला वेळ नाही. सकाळी सात म्हण, दुपारी तीन म्हण. आला की गावविहिरीत पाणी सोडतो आणि अर्ध्या तासात विहीर परत खरवडून निघते. ज्या बाईला हॉर्न ऐकू आला नाही तिनं दोन दिवस शेजारणीचं तोंड बघायचं. त्यामुळे आम्ही सगळ्या कायम कान देऊन असतो. जेवताना, बोलताना, झोपेत, देवापुढे हात जोडलेले असतानासुद्धा. सिस्टर म्हणतात अंग सैल सोडा. कान कसा सैल सोडायचा ते त्यांच्या प्रशिक्षणात नव्हतं.

तरी मी तुझी तयारी करतच होते. डिंक, खारीक, अळीव आणून डब्यात भरलं आहे. बाज विणून घेतली. अण्णांनी कपिलेला छावणीत बाकीच्या जनावरांपासून वेगळं बांधलं होतं, तुझ्या दुधासाठी. ती गेल्या आठवड्यात आटली. अण्णांनी तिकडूनच निरोप पाठवला तो एवढाच, की कपिलेचं झालं. मग मी पाण्याचा हिशोब मांडला. तुझी अंघोळ, बाळाची अंघोळ, दुपटी, बाजेखालचं फडकं, पाचवीचा स्वयंपाक, हे सगळं सव्वा महिना. रोजचे आठ हंडे कमीत कमी. आमच्या दोघांना मिळून तिसऱ्या दिवशी सहा येतात. मी चारदा मांडला, चारदा तेवढाच आला. विहीणबाईंना गेल्या बाजारी कड्याहून फोन करून आडून विचारून बघितलं, की या साली तिकडेच झालं तर? त्या म्हणाल्या, "पैलं बाळंतपण माह्येरचं आस्तंय. तुमच्यात रीत न्हाई का?" रीत आहे म्हणाले आणि फोन ठेवला. आपल्या लेकीला चार हंडे पाणी देता येत नाही, हे कोणाला सांगायचं? मग ठरवलं, उसनं आणीन, कड्याहून कॅन आणीन, पण करीन. इथपर्यंत मी हट्टाला पेटले होते.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. म्हाळसाला दिवस भरायच्या दोन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. तिचा नवरा गहिनीनाथ मेंढरं चारायला गंगथडीला, गोदावरीकडे गेलेला. सिस्टर आष्टीला बैठकीला. जीपवाल्याला निरोप धाडला तर तो लग्नाचं भाडं घेऊन गेलेला. अकराच्या सुमाराला भामाबाईंची नात मला बोलवायला आली. भामाबाईंनी सिस्टरनी दिलेली ब्लेड-दोऱ्याची पुडी उघडून ठेवली होती, हात धुऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मी खाली बघते, तू वर बघ. तुमचं ते फू फू करायचं आसंल तर करा." मी म्हाळसाच्या उशाशी बसले आणि तिचा हात हातात घेतला.

आणि शिवकन्या, ते जमलं. चार आठवडे जे आलं नाही ते त्या पत्र्याच्या घरात आपोआप आलं. कळ आली की ती माझ्याकडे बघायची, मी नाकानं श्वास घ्यायचे, ती घ्यायची, दोघी मिळून हळूहळू सोडायचो. कळ गेली की मी सांगायचे, खांदे सोड, मूठ सोड, आणि ती सोडायची. एकदाही ओरडली नाही, आणि ते पदर चावून नव्हे. भामाबाई दोनदा मान वर करून बघून परत खाली वाकल्या. दीड तास असा गेला असेल. मधेच माझ्या लक्षात आलं की माझे दात एकमेकांवर टेकलेले नाहीत. मला रडूच आलं. वाटलं, आता ये म्हणावं पोरीला, मी तयार आहे.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

मी काही ठरवलं नाही गं. विचार केला असता तर थांबले असते, की विचार करूनही गेले असते, ते मला सांगता येत नाही. हॉर्न वाजला आणि मी उभी होते. म्हाळसानं हात घट्ट धरला होता, मी तो सोडवून घेतला. एकेक बोट काढून सोडवून घेतला. ती म्हणाली, "मावशी, नका ना जाऊ." मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं खोटं सांगणार नाही. कोपऱ्यातले भामाबाईंचे दोन हंडे उचलले आणि पळाले. विहिरीवर मी बायकांना ढकलून पुढे घुसले, तिघींच्या दोरात दोर अडकवला. पाऊण तासानं डोक्यावर एक, कमरेवर एक असे दोन हंडे घेऊन परत आले तर आत पोरगी रडत होती. झाली होती. मधल्या वेळात म्हाळसा किती ओरडली ते शेजारच्या बाईनं मला दारातच सांगितलं.

आता खरी गंमत ऐक. सगळ्या गावानं मला शाबासकी दिली. भामाबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई पानी आनलंस, लेकराला कशानं पुसलं आसतं?" सिस्टरनी मंगळवारच्या क्लासमध्ये बाकीच्या तिघी पोरींपुढे माझं नाव घेतलं, सोबतीण असावी तर अशी, प्रसंगावधान असावं तर असं. मी मान खाली घालून पोत्याच्या दशा ओढत बसले. घरात पाणी नव्हतं हे खरंच होतं, आणून चांगलंच झालं हेही खरं होतं. पण मी बाळाला पुसायला पाणी लागेल म्हणून उठले नव्हते. काल डिंकाचे चार लाडू घेऊन म्हाळसाला बघायला गेले. तुझ्यासाठी केलेल्यातलेच. तिनं लाडू घेतले, बाळ दाखवलं, मांडीवरही दिलं. मी निघाले तेव्हा बाळाचं टोपरं सारखं करत, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणाली, "मी तुमचा हात घट धरलता, मावशी. तुमी गेलतात." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तर हे पत्र त्यासाठी आहे. शिवकन्या, तू इथे येऊ नकोस. पाण्याचे हंडे मी कसेही भरले असते, गावानं नावं ठेवली असती तर ती ऐकून घेतली असती, पण आता मला माझाच भरवसा नाही. हॉर्न वाजला की मी तुझाही हात सोडून जाईन. जिथे नळाला पाणी येतं, जिथे मला कान देऊन बसावं लागणार नाही, तिथेच मी तुझ्याजवळ बसू शकते. म्हणून मी येते आहे, पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळच्या गाडीनं, बाळंतपण होईपर्यंत राहायला. विहीणबाईंना तू काही सांगू नकोस, त्यांचं ऐकून घ्यायचं ते मी माझ्या तोंडानं ऐकेन. आता एक अवघड आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नसतं. तू व्हायच्या आधी तुझी आजी मला भेटायला बोरवाडीला यायची, तेव्हा भाकरी बांधून आणायची आणि तहान लागली की शेजारच्या घरी जाऊन पाणी पिऊन यायची. मीही गेल्या वर्षी तुमच्याकडे आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे जाऊन प्यायले होते, तुला वाटलं मी ओळख करून घ्यायला गेले. आता दोन महिने तसं करता येणार नाही, आणि तसं करायचंही नाही, हे मी ठरवून येते आहे. ठरवलं आहे, पण चार पिढ्यांचं एकदम सुटत नाही. तेव्हा मी दारात चप्पल काढली की विहीणबाईंसमोरच तांब्या भरून माझ्या हातात दे. मी मागेन म्हणून वाट बघू नकोस, मागायला माझी जीभ उचलायची नाही.

सामान बांधायला घेतलेली,
तुझीच
आई